भूलऔषधांची व्यसनाधीनता आणि सेवेतील पुनरागमन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भूलशास्त्राच्या इतिहासात शोधांचा गौरव होतो. औषधे हाताळणाऱ्यांनाच जडलेले व्यसन मात्र तळटीपेत राहते. वस्तुतः हे व्यसन शास्त्राइतकेच जुने आहे. दंतचिकित्सेत नायट्रस ऑक्साइड वापरणारा होरेस वेल्स क्लोरोफॉर्मच्या आहारी गेला आणि जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आत्महत्या केली. शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड १८८४ नंतर कोकेनचे प्रयोग स्वतःवर करताना व्यसनी झाला. उपचारानंतर जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्याने मोठी कीर्ती मिळविली. परंतु पुढेही तो मॉर्फिन घेत होता, हे विल्यम ऑस्लर यांच्या १९६९ मध्ये उघडलेल्या गुप्त टिपणांतून कळले. अशा पुनरागमनास यशस्वी म्हणावे काय, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

अमेरिकेत १९७३ मध्ये वैद्यकीय संघटनेने आजारी डॉक्टरांचा प्रश्न जाहीरपणे मांडला व पुढे राज्याराज्यांत उपचार-देखरेखीच्या योजना उभ्या राहिल्या. तथापि १९९० च्या एका पाहणीत अफूवर्गीय इंजेक्शनांच्या व्यसनानंतर भूलशास्त्राच्या प्रशिक्षणात परतलेल्यांपैकी केवळ ३४ टक्के यशस्वी ठरले. परतल्यानंतर काहींचा मृत्यूही ओढवला.

भारतात अशी देशव्यापी योजना निर्माण झाली नाही. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात १९८९ साली कलम ६४अ आले व २००१ मध्ये ते सुधारण्यात आले. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीस त्यान्वये ठरावीक मर्यादेत खटल्यापासून संरक्षण मिळते. केटामाइन २०११ मध्ये याच कायद्याखाली आले. थोडक्यात, कायद्याने कुपी मोजली. कुपी हाताळणारा कामावर कसा परतेल, हे त्याने सांगितले नाही.

महाराष्ट्राकडे या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे. डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये स्थापिलेल्या मुक्तांगणात व्यसनमुक्त झालेल्या माजी रुग्णांना संस्थेच्याच कामात सामावून घेतले गेले. विश्वास टाकून काम सोपविणे हा तेथे उपचाराचाच भाग ठरला. मात्र कारकून आपल्या मेजावर परततो, तर भूलतज्ज्ञ त्याच औषधांच्या कपाटापाशी. हा भेद दुर्लक्षिता येत नाही.

पालघर व बोईसर यांच्या मधल्या उमरोळीसारख्या गावांच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या अशा पट्ट्यात अपघात, बाळंतपणे यांसाठी लहान रुग्णालये बहुधा फिरत्या भूलतज्ज्ञावर विसंबतात. महानगरातील रुग्णालयात परतलेल्यास काही काळ बाह्यरुग्ण विभागात वा अध्यापनात ठेवता येते. येथे तशी दुसरी जागा नसते. शस्त्रक्रियागृहात तो एकटा, औषधांची नोंद तोच करणार, आणि तो नसेल तर त्या दिवसाची शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागणार. साहजिकच संशय आला तरी बोलण्यास कोणी धजत नाही. उरलेल्या औषधाची विल्हेवाट परिचारिकेसमक्ष, दोघांच्या सह्यांनी करणे एवढे तरी लहान रुग्णालयास परवडण्याजोगे आहे. परतलेल्या व्यक्तीची नियमित तपासणी कोणी करावी, हे मात्र एकट्या रुग्णालयाने ठरविण्याजोगे नाही.