विश्वस्ताचा निर्णय : एका गाजलेल्या खटल्याचा धडा

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने संस्थापकांचे, शिक्षकांचे आणि देणगीदारांचे कृतज्ञ स्मरण होते, आणि ते उचितच आहे. विश्वस्तांचा उल्लेख मात्र बहुधा समूहछायाचित्राखालील नावांपुरताच राहतो. वास्तविक शाळेची जमीन, इमारत आणि ठेवी यांचा भार त्यांच्या खांद्यावर असतो. या मालमत्तेचा कारभार त्यांनी पाहायचा, पण तिचे मालक मात्र ते नसतात. परक्याचे धन परक्याच्याच हितासाठी सांभाळण्याचे हे काम किती कठीण असते, हे मराठी सार्वजनिक जीवनातील एका गाजलेल्या प्रकरणावरून कळते. ते प्रकरण म्हणजे ‘ताई महाराज खटला’.

पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीने वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मृत्युपत्र करून लोकमान्य टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक होऊन नुकतेच जामिनावर सुटले होते. स्वतःवर एवढे संकट असतानाही स्नेह्याच्या शब्दाखातर त्यांनी हा भार पत्करला. महाराजांच्या पत्नी ताई महाराज त्या वेळी कोवळ्या वयाच्या आणि गर्भवती होत्या. मुलगा न झाल्यास, अथवा होऊन न जगल्यास, विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असे मृत्युपत्रात नमूद होते. जानेवारी १८९८ मध्ये मुलगा झाला, पण दोनच महिन्यांत तो दगावला. टिळक तेव्हा तुरुंगात होते.

पुढे जून १९०१ मध्ये, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबाद येथे, टिळक आणि खापर्डे यांच्या उपस्थितीत जगन्नाथ या मुलास दत्तक घेण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ताई महाराजांचे मन फिरले. त्यांनी विश्वस्तांचा अधिकार रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज केला, आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. एप्रिल १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश ॲस्टन यांनी विश्वस्तांविरुद्ध निकाल दिला आणि टिळकांवर फौजदारी खटला भरण्याचा मार्ग मोकळा केला. ऑगस्ट १९०३ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि एक हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली, आणि ३ मार्च १९०४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने कौल दिला. ते मंडालेच्या कारागृहात असताना, १९१० मध्ये, उच्च न्यायालयाने तो फिरविला. अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने औरंगाबादचे दत्तकविधान ग्राह्य ठरविले. ज्या साक्षीदारांना खोटे ठरवायचे, त्यांना साक्ष देतानाच तसे विचारून खुलाशाची संधी द्यायला हवी होती, हे तत्त्व त्या निकालात आले. भारतीय न्यायालये आजही त्याचा आधार घेतात.

हा इतिहास सांगताना टिळकांचा विजय तेवढा सांगितला जातो. विश्वस्ताच्या दृष्टीने त्यात दोन धडे आहेत. पहिला असा की, टिळकांचा प्रामाणिकपणा त्यांना खटल्यापासून वाचवू शकला नाही. अठरा वर्षांनंतर मृत्युपत्राचे कलम, त्या वेळी झालेले कागद आणि हजर असलेले साक्षीदार यांवरच निवाडा झाला. निर्णय घेणारा कधी तुरुंगात असतो, कधी हयात नसतो. बोलतो तो कागद. दुसरा धडा ताई महाराजांकडून घ्यायचा. ज्यांच्या हितासाठी न्यास असतो, त्यांचा विश्वास सुटला, तर कायद्याने बिनचूक असलेला निर्णयही वर्षानुवर्षे न्यायालयात अडकून पडतो. त्या तरुण विधवेच्या मनात काय चालले होते, हे ऐकणारे कोणी असते, तर इतिहास निराळा घडला असता का, हा प्रश्न एक स्त्री म्हणून मला पडतो.

रायपूरकरांना ही माणसे परकी नाहीत. ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे यांची कर्मभूमी रायपूर होती, आणि खापर्ड्यांचे वऱ्हाड १९०३ पासून आपल्याच मध्य प्रांताला जोडले गेले होते. आपल्याकडील न्यासांचा कायदाही त्याच एकत्र काळातला आहे. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर असताना १९५१ मध्ये सार्वजनिक न्यास अधिनियम झाला. १९५६ मध्ये प्रांत विभागले, २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, तरी तो कायदा आपल्याबरोबर आला. त्यानुसार जिल्हाधिकारी हे न्यासांचे पंजीयक असतात. त्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता, गहाण ठेवता, बदलून अथवा दान देता येत नाही. शेतजमीन सात वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तरी हीच अट आहे. जी संस्था न्यास नसून सोसायटी म्हणून नोंदलेली आहे, तिला १९७३ चा सोसायटी नोंदणीचा कायदा लागू होतो. म्हणून आपली संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हे पाहणे हे विश्वस्ताचे पहिले काम होय.

समजा, उद्या एखाद्या शाळेपुढे प्रस्ताव आला, की मैदानाच्या रस्त्याकडील बाजूस दुकाने काढून ती दीर्घ मुदतीने द्यावीत. पैशांची गरज खरी असते, प्रस्ताव आणणारा माणूसही भला असतो. अशा वेळी विश्वस्तांनी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. न्यासपत्रात किंवा घटनेत याला आधार आहे काय? सभेची सूचना सर्वांना वेळेवर मिळाली आणि गणपूर्ती झाली काय? प्रस्तावात कोणा विश्वस्ताचा अथवा त्याच्या आप्ताचा लाभ आहे काय? असल्यास त्याने तसे सांगून चर्चेतून बाजूला व्हावे. जाणकाराचे लेखी मत आणि बाजारभावाचा अंदाज घेतला काय? पूर्वमंजुरी घेतली काय? आणि मैदान गेल्यावर मुले खेळणार कुठे, हे पालकांना व शिक्षकांना विचारले काय? होकार असो वा नकार, त्याची कारणे इतिवृत्तात लिहावीत. असहमत सदस्याचे मतही जसेच्या तसे नोंदवावे.

आपले धन सांभाळताना सामान्य शहाणा माणूस जेवढी काळजी घेतो, तेवढी विश्वस्ताने न्यासाच्या धनाची घ्यावी, असे १८८२ चा भारतीय न्यास कायदा सांगतो. तो खासगी न्यासांसाठी असला, तरी ही कसोटी सार्वजनिक कामालाही शोभणारीच आहे.

आजच्या माजी विद्यार्थ्यांतून आणि पालकांतूनच उद्याचे विश्वस्त निवडले जातील. हे पद मानाचे म्हणून स्वीकारण्याआधी त्यांनी संस्थेची घटना, गेल्या काही वर्षांचा हिशेब आणि इतिवृत्ताची वही एकदा शांतपणे वाचावी. पुढच्या पिढीला आपले निर्णय त्याच वहीतून कळणार आहेत.