दोन भिंतींमधले बल

भोपाळच्या मे महिन्यातील दुपारी उघड्या खोलीत कार्बन डायऑक्साइड वायू कितीही दाबला तरी त्याचा द्रव होणार नाही. ३१ अंश सेल्सिअस हे त्याचे क्रांतिक तापमान. टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये ते विशद केले. क्रांतिक बिंदूपाशी द्रव आणि वायू हा भेदच मावळतो. घनतेचे लहानमोठे चढउतार सर्वत्र उसळतात आणि नितळ पदार्थ दुधाळ दिसू लागतो. लोखंडाच्या चुंबकत्वालाही सुमारे ७७० अंशांवर अशीच मर्यादा आहे.

अशा पदार्थाला दोन भिंतींमध्ये कोंडले तर? मायकेल फिशर व पिएर-जील द जेन यांनी १९७८ मध्ये हा प्रश्न हाती घेतला. त्याचे बीज हॉलंडमधील हेंड्रिक कासिमिर यांच्या १९४८ च्या निबंधात होते. निर्वातातील दोन भाररहित धातुपट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातात, कारण मधल्या फटीत विद्युत्-चुंबकीय क्षेत्राच्या सर्वच लहरी मावत नाहीत. क्रांतिक बिंदूपाशी हीच कोंडी द्रवातील चढउतारांची होते. त्यांचा पल्ला भिंतींमधील अंतराएवढा झाला की एका भिंतीची आवडनिवड दुसरीला जाणवते. दोघींना मिश्रणातील एकच घटक प्रिय असेल तर आकर्षण. आवडी विरुद्ध असतील तर प्रतिकर्षण. आयसिंगच्या चुंबकीय प्रतिमानात घटकांच्या जागी वर वा खाली तोंड केलेले सूक्ष्म चुंबक कल्पावेत, गणित तेच राहते. पाणी आणि लोखंड येथे एका पंक्तीला बसतात, याचे नवल मला आजही वाटते.

मोजणे मात्र कठीण होते, कारण हे बल तापमानाच्या फार अरुंद पट्ट्यातच जागे होते. १९९९ मध्ये गार्सिया व चॅन यांना अतिशीत हीलियमचा पातळ थर संक्रमणापाशी आणखी पातळ झालेला आढळला. पण तो पुरावा अप्रत्यक्ष होता. प्रत्यक्ष मोजणी २००८ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे झाली. पाणी व ल्युटिडीन यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण सुमारे ३४ अंशांपर्यंत एकजीव असते, त्यापुढे तापवल्यास दुभंगते. (अशा द्विद्रव मिश्रणांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ई. एस. आर. गोपाल व सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच विस्तृत आढावा लिहिला होता.) त्यातील काही मायक्रोमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा गोल काचेच्या तळावर कसा थरथरतो, हे प्रकाशाच्या साहाय्याने टिपण्यात आले. बल निघाले न्यूटनच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी. काचेवरील रासायनिक संस्कार बदलताच आकर्षणाचे प्रतिकर्षण झाले.

कासिमिर या विषयाकडे वळले ते फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या स्थैर्याचा विचार करता करता. साठ वर्षांनी श्टुटगार्टला उपयोगी पडला तो असाच एक कण.