देवास गेटवरचे गमबूट

उज्जैनला मी गेलो होतो महाकालासाठी आणि अर्धा दिवस घालवला तो जोड्यांच्या दुकानात. त्याची ही हकीकत.

महाकालाला जायचं माझं एक खास गोवेकरी कारणही होतं. आजचं देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी. सुखटणकर म्हणजे आमच्याकडचे शेणवी. आपल्याकडचा एक माणूस सह्याद्री, नर्मदा ओलांडून क्षिप्रेकाठी जातो आणि ज्योतिर्लिंगावर छप्पर घालतो, ही गोष्ट मला लहानपणापासून नवलाची वाटत आली आहे. दर्शन झालं, आणि दुसऱ्या दिवशी देवासला जावं म्हणून मी देवास गेटच्या बस अड्ड्यावर आलो. देवासला पवारांच्या थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं अशी दोन संस्थानं एकाच गावात कशी नांदली ते पाहायचं होतं, आणि कुमार गंधर्वांचं गाव म्हणून नमस्कारही करायचा होता.

डिसेंबरचा शेवट. माळव्यातली थंडी आम्हा गोंयकारांना सोसत नाही. शाल गुंडाळून बस भरायची वाट पाहत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. तो कॅनडात, विनिपेगला असतो.

"मामा, ऑफिसातली माणसं गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेणार आहेत. पुढच्या मोसमात हरणाच्या शिकारीलाही चल म्हणतात. बूट कुठले घेऊ? दुकानात गेलो तर डोकंच फिरलं. तू जहाजावर होतास ना?"

होतो. तरुणपणी आठ वर्षं तारवटी म्हणून काढली. बाल्टिकमधल्या एका बंदरात, जानेवारीत, डेकवर उभं राहून दोर सांभाळताना उजव्या पायाची दोन बोटं मी कायमची बधिर करून घेतली. बूट कंपनीने दिलेले होते, माझ्या मापापेक्षा एक नंबर लहान. दुसरे नव्हते. मोजे दोन घातले, तेव्हा वाटलं की आता ऊब येईल. उलट झालं. पाय आवळला गेला, रक्त पुढे जाईना. आजही थंडी पडली की ती दोन बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी वाटतात. म्हणून भाच्याच्या प्रश्नाला मी हसून सोडून देऊ शकलो नाही. "उद्या सांगतो" म्हटलं आणि इकडेतिकडे पाहिलं, तर समोरच जोड्यांचं दुकान, आणि दाराला टांगलेले काळे गमबूट.

माळव्यात गमबूट कशाला, असा प्रश्न मला पडला. दुकानात एक शेतकरी बसला होता, त्याच्याकडून कळलं. हिवाळ्यात गव्हाला पाणी द्यायचं, आणि पंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. रात्री दोन वाजता, चिखलात, थंड पाण्यात उभं राहायचं. आमच्याकडे वायंगणाच्या शेतात माणसं अनवाणी उतरतात, पण आमचं पाणी कोमट असतं हो! तो शेतकरी बूट कसा निवडत होता ते मी पाहत राहिलो. खिशातून त्याने स्वतःचे जाड लोकरीचे मोजे काढले, ते घालून मग बूट चढवला. उभा राहिला. आत बोटं हलवून पाहिली. मग बूट काढून आत हात घालून अस्तर चाचपलं. पहिला जोड परत केला, एक नंबर मोठा मागितला.

मी दुकानदाराला भाच्याची अडचण सांगितली. बर्फाचं तळं ऐकून तो हसला नाही. त्याने एकच विचारलं: "खड़े रहना है कि चलना है?"

त्या एका प्रश्नात अर्धं उत्तर होतं. ते सांगण्याआधी या बुटाची गोष्ट सांगायला हवी, कारण ती उज्जैनपासून फार लांबची नाही.

शिंद्यांचं घराणं आणि जोडे यांचं नातं जुनं. राणोजी तरुणपणी पेशव्यांचे जोडे सांभाळायचे आणि एकदा ते उराशी धरून झोपलेले बाजीरावाने पाहिले, ही आख्यायिका आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. त्याच राणोजींनी पुढे उज्जैन आपलं ठाणं केलं. त्यांचे चिरंजीव महादजी १७६१ साली पानिपतावर पायाला जखम होऊन जन्मभर लंगडले. उत्तरेची सत्ता हातात असताना १७९२ मध्ये पुण्याच्या दरबारात आले, तेव्हा त्यांनी गाठोड्यातून जोडे काढून सवाई माधवरावांपुढे ठेवले आणि आमचं वडिलोपार्जित काम हेच, असं म्हटल्याचं सांगतात. त्यात नम्रता किती आणि मुत्सद्दीपणा किती, हा वाद इतिहासकारांवर सोडू.

महादजींच्या मागून दौलतराव आले. त्यांची राजधानी १८१० पर्यंत उज्जैनच होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची गाठ पडली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच असा तर्क त्याने केला, आणि केळणा नदी पायी उतरून सैन्य पलीकडे नेलं. लढाई त्याने जिंकली, माणसं मात्र भयंकर गमावली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आणि इंग्लंडात ज्याला आजही 'वेलिंग्टन' म्हणतात तो बूट याच्याच नावाचा.

घोडेस्वारांचे त्या काळचे उंच, गोंडेवाले बूट त्याला अडचणीचे वाटत. लंडनच्या आपल्या चांभाराला, हॉबीला, त्याने सांगितलं की गोंडे काढ, मऊ वासराचं चामडं घे, पायाला धरून बसेल असा बेताचा उंच बूट कर. तो बूट चामड्याचाच होता. रबर आलं ते नंतर. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर टिकाऊ करायची रीत शोधली, आणि १८५३ मध्ये हायरम हचिन्सन या अमेरिकनाने फ्रान्समध्ये त्या रबराचे बूट करायला घेतले. लाकडी खडावा घालून चिखल तुडवणाऱ्या तिथल्या शेतकऱ्यांनी ते उचलले. देवास गेटवर दाराला टांगलेला गमबूट त्याच वंशातला. ज्या माणसाने उज्जैनच्या धन्याला असईत हरवलं, त्याच्या नावाचा बूट घालून आज उज्जैनचा शेतकरी गव्हाला पाणी देतो! इतिहास असा कुठेही पायात येतो.

पण गमबुटात एक खोट आहे, आणि ती पावसाळ्यात शाळेत गेलेल्या प्रत्येक गोवेकराला ठाऊक आहे. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही, तसं आतलं बाहेरही जाऊ देत नाही. ओहोळातून जाताना वरून पाणी शिरलं की दिवसभर पाय डबक्यात. थंडीच्या मुलखात हे डबकं घामाचं असतं. म्हणून पुढच्या शंभर वर्षांत रबर आणि चामडं यांचा मेळ घालायची खटपट झाली. अमेरिकेत मेन प्रांतातला लिऑन लिऑनवूड बीन १९११ मध्ये शिकारीहून ओले, गारठलेले पाय घेऊन घरी आला. त्याने चांभाराकडून रबराच्या तळाला चामड्याचा वरचा भाग शिवून घेतला. पुढच्या वर्षी असे शंभर जोड शिकाऱ्यांना विकले. शिवण उसवून नव्वद परत आले. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, उसने पैसे काढून बूट सुधारला, आणि आज शिकारीचा बूट म्हटला की तोच घाट डोळ्यांसमोर येतो.

अमेरिकी सैन्यानेही तोच घाट घेतला, वर आत नमद्याचा तळ घातला. १९५०च्या हिवाळ्यात कोरियात चोसिन जलाशयाजवळ पारा उणे तीसच्या आसपास गेला. सैनिक चालायचे तेव्हा पाय घामेजायचे. थांबले की तो घाम बुटातच गोठायचा. हिमदंशाने हजारो जायबंदी झाले. चालायला बरा असलेला बूट उभं राहताना घात करत होता. मग रबराच्या दोन थरांमध्ये लोकर बंद करून नवा बूट केला गेला, म्हणजे घाम लोकरीपर्यंत पोचूच नये. दुकानदाराचा प्रश्न आठवा: उभं राहायचं की चालायचं?

आता आपल्या घरचं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भारतीय जवानांना आमच्या आयाबहिणींनी ओवाळलं. तेव्हा संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. पुरते अकरा महिने व्हायच्या आत, त्याच सैन्याच्या तुकड्या हिमालयात दहा-चौदा हजार फुटांवर सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभ्या होत्या. २० ऑक्टोबर १९६२ ला नामका चू नदीकाठी चिनी हल्ला झाला. तिथल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी कैद झाले. पुढे १९६९ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून गरम कपड्यांवाचून, दारूगोळ्यावाचून माणसं कशी पुढे ढकलली गेली ते सांगितलं. मेनन गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ ला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणखातं हाती घेतलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, याचा आपल्याला अभिमान आहे, असावाच. पण त्या वाक्याखाली कॅनव्हासचे ओले बूट झाकले जातात. ते बूट चिनी शत्रूने दिले नव्हते. ते दिल्लीत, गरम खोलीत बसून, कागदावर मंजूर झाले होते.

मला वाटतं, या सगळ्या गोष्टीतलं सूत्र एवढंच आहे. वेलस्लीने स्वतःच्या पायासाठी बूट करून घेतला, बीनने स्वतःच्या. माळव्यातला तो शेतकरी स्वतःचे मोजे खिशात घालून आला होता. घालणारा आणि निवडणारा एक असला की जोडा चांगला निघतो. निवडणारा दुसरा असला, तर चुकीची किंमत घालणाऱ्याची बोटं देतात. माझी दोन बोटं देऊन मी हे शिकलो.

आणि सगळेच निवडणारे वाईट असतात असंही नाही. ६ डिसेंबर १९८१ ला आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावरून पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम निघाली. नेते डॉ. सय्यद झहूर कासीम, दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे एके काळचे संचालक, आणि सोबत वीस जण. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. १९८३च्या डिसेंबरात निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्याच संस्थेतल्या डॉ. अदिती पंत होत्या, नागपूरला जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. त्या आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता, भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन स्त्रिया. जिथे पायात चप्पल असली तरी पुष्कळ, त्या गोव्यातून माणसं बर्फावर गेली आणि धडपणे परत आली, कारण निवडणाऱ्यांतलेच काही जण ते बूट घालून जाणार होते.

बस केव्हाच गेली होती. दुसरी भरेपर्यंत मी अड्ड्यावरच्या बाकावर बसून भाच्याला लिहिलं.

शिकार आणि मासे यांना एक बूट चालायचा नाही. शिकारीत चालायचं असतं, म्हणून हलका, घोट्याला धरणारा, घाम बाहेर जाऊ देणारा घे. तळ्यावर तासन् तास बसायचं असतं, म्हणून तिथे जाड तळाचा. बर्फ ऊब खालून ओढतो, वरून नाही. आतला नमद्याचा थर सुटा निघणारा हवा, म्हणजे रात्री काढून वाळवता येईल. जिभेच्या कडा दोन्ही बाजूंनी शिवलेल्या आहेत का पाहा, पाणी बहुधा तिथूनच येतं. मोजे लोकरीचे, सुती अजिबात नकोत. ते घरून घेऊन जा आणि घालूनच माप बघ. बोटं आत हलली पाहिजेत. खोक्यावर उणे चाळीस लिहिलं असेल त्यावर विसंबू नकोस. तो आकडा लिहिणारा तुझ्याबरोबर तळ्यावर येणार नाही. आणि शेवटचं: एकच जोड परवडत असेल तर तळ्याचा घे. शिकार पुढच्या वर्षी कर.

चार दिवसांनी फोटो आला. पांढऱ्या तळ्यात एक भोक, हातात गरी, शेजारी बर्फावर पडलेला हातभर मासा. पायात बोजड, काळे, हत्तीच्या पायांसारखे बूट. खाली लिहिलं होतं: "मामा, बोटं दहाही शाबूत. पण या माशाची आमटी कशी करू?"

आईला विचार, म्हटलं. तिथे माझं काही चालत नाही.