वर्गीकरण : कचऱ्याचे आणि माणसांचे

आमच्या महाविद्यालयात काही वर्षांपूर्वी तीन डबे आले. हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्याचा आणि तिसरा घातक वस्तूंचा. पहिल्याच दिवशी प्राध्यापकांच्या खोलीत वाद सुरू झाला. चहाचा कागदी पेला कोणत्या डब्यात टाकायचा? तो कागदाचा, म्हणून निळ्यात. पण आत चहा उरलेला, आणि आतून प्लॅस्टिकचा पातळ थर. नारळाची करवंटी ओली की सुकी? संपलेली बॉलपेनची कांडी घातक की निरुपद्रवी? आम्ही सात-आठ पदव्युत्तर माणसे एका पेल्यापुढे हतबुद्ध होऊन उभे होतो. संध्याकाळी सफाई कामगाराने तिन्ही डबे एकाच पोत्यात ओतले. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, खाली गाडीला कप्पा एकच हाय." घरीही हाच घोळ. दुधाची पिशवी धुवायची की तशीच टाकायची, यावर रोज सकाळी चर्चा होते आणि घाईत ती पिशवी भाजीच्या देठांतच जाते.

हा गोंधळ हसण्यावारी नेता येईल. मला तो तसा नेता येत नाही. ज्या समाजाने माणसांचे हजारो जाती-पोटजातींत इतके काटेकोर वर्गीकरण केले, कोणाची सावली कोणावर पडू नये याचे नियम तोंडपाठ केले, त्या समाजाला आपला केर दोन डब्यांत वेगळा ठेवता येऊ नये, याचे कारण अडाणीपणा नव्हे. या अडचणीला इतिहास आहे आणि तो आपला इतिहास आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी प्रेतावरची वस्त्रे आणि फुटकी भांडी नेमून दिलेली आहेत. टाकाऊ वस्तूंसाठी टाकाऊ ठरविलेला माणूस, अशी ती विल्हेवाटीची योजनाच होती. गावगाड्यात तिला वतनाचे रूप आले. शेण, राख, काडीकचरा उकिरड्यावर जाई आणि उकिरडा शेतात जाई. त्याचा कुणाला विटाळ नव्हता, कारण त्यातून धान्य पिकत होते. उकिरड्याला धनी होता. विटाळ होता तो मेलेल्या जनावराचा, आणि ते ओढणे महाराकडे. मांगाने केरसुणी वळायची, पण ती ज्या घरात फिरे त्या घराचा उंबरा त्याने ओलांडायचा नाही. मोबदलाही टाकलेल्यातूनच : उष्टे, शिळे, जुनेर. घाण कोणाची हा प्रश्नच उरला नव्हता. जो उचलतो त्याची ती घाण.

ही साखळी प्रथम तोडली ती बाबासाहेबांनी. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. त्याच महाडात त्या वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. या दोन घटना आपण वेगळ्या शिकवतो, पण त्या एकच आहेत. फुटके भांडे नाकारणे आणि ते भांडे नेमून देणारा ग्रंथ नाकारणे यांत मला तरी फरक दिसत नाही. पुढे १९३६ साली छापलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात नुसती कामे वाटत नाही. ती काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते आणि वरखाली रचते. कायद्याने कनिष्ठ वतने रद्द व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

दरम्यान गाव सोडून माणसे शहरात आली. शहराने त्यांच्या हातात काय दिले? पालिकेचा झाडू दिला. मुंबईच्या पालिका कामगारांची संघटना १९३५ मध्ये बाबासाहेबांना उभी करावी लागली ती उगीच नव्हे. ज्यांना झाडूही मिळाला नाही, त्यांना रस्ता मिळाला. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) कावाखान्यातल्या बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा, लोखंड गोळा करतात आणि घरी आणून निवडतात. ती पाने वाचताना मी थांबलो होतो, कारण ते दृश्य मला पाठ होते.

१९७२ च्या दुष्काळात माझी आत्या मराठवाड्यातून पुण्यात आली. मी शिकायला तिच्याकडे राहिलो. रात्री खोलीच्या एका कोपऱ्यात माझे पुस्तक आणि उरलेल्या खोलीभर तिचे पोते. पांढरा कागद वेगळा, रद्दी वेगळी, पुठ्ठा वेगळा. पत्रा वेगळा, लोखंड वेगळे. प्लॅस्टिक ती बोटाने वाजवून, वाकवून ओळखी. तिला अक्षर येत नव्हते, पण भंगारवाल्याच्या काट्यावर कशाला काय भाव, हे तिला ठाऊक होते. कॉलेजात मात्र मी सांगत असे की आत्या कारखान्यात आहे. आज एका पेल्यापुढे अडलेला मी प्राध्यापक आहे. तिने तो क्षणात कुठे टाकला असता ते मला माहीत नाही. तिने विचारले असते, मी कधी विचारले नाही.

पुण्यात १९९३ मध्ये अशा बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांचे नेतृत्व होते, एस.एन.डी.टी.च्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या सोबत होत्या. सभासद बहुसंख्येने दलित स्त्रिया. त्यांनी ओळखपत्र मिळविले, त्याला महापालिकेची मान्यता मिळविली. २००८ मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. वापरलेले पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, एवढी साधी मागणी त्यांनी घरांपुढे ठेवली. कायदा मागून आला. सर्वोच्च न्यायालयात १९९६ मध्ये दाखल झालेल्या याचिकेनंतर २००० चे नियम झाले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे वर्गीकरण कचरा करणाऱ्यावरच टाकले आणि कचरावेचकांची दखल घेतली.

येथे आपल्या चळवळीतला एक प्रश्न उभा राहतो. बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडा म्हटले. मग त्याच कामात ओळखपत्र मागणे ही माघार नाही काय? तरुण कार्यकर्ते मला हे विचारतात आणि त्यांचा संताप खरा आहे. माझे उत्तर असे : आत्याने पोते टाकले असते तर त्या रात्री चूल पेटली नसती. तिला हक्क मिळणे आणि तिच्या नातीला ते पोते न मिळणे, दोन्ही लढे एकाच वेळी लढावे लागतात. एकाचे नाव घेऊन दुसरा टाळणे ही पांढरपेशी सोय आहे, आणि ती सोय मीही भोगली आहे.

म्हणून हिरव्या-निळ्या डब्यांकडे मी स्वच्छतेचा उपक्रम म्हणून पाहत नाही. आपला केर आपण निवडणे, याचा अर्थ निवडण्याचे काम जन्मावरून ज्यांच्या हाती दिले होते त्यांच्याकडून ते परत घेणे. कप्पा एकच असलेली गाडी, कशातच न बसणारा पेला बनवणारा कारखानदार, आणि 'कोणीतरी निवडेलच' म्हणणारे घर, हे तिघे त्याच जुन्या वतनावर विसंबून आहेत. आमच्या गोंधळाचा अर्थ एवढाच की आजवर आम्हाला निवडावे लागले नाही.

परवा आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना मी पेला दाखवून विचारले. त्या म्हणाल्या, "चहा मोरीत ओता, पेला सुक्यात टाका. आणि ताई घरी असल्या तरी तुम्हीच टाका."