कंडेन्सर

पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या दऱ्यांत धुकं दाटतं, ते कंडेन्सेशन. खाली परतवाड्याच्या दुकानात मिळणारा पंख्याचा कंडेन्सर त्याचाच भाऊबंद. मूळ लॅटिन, अर्थ ‘दाट करणे’. वाफेसारखा विजेचा भारही दाटवता येतो, म्हणून व्होल्टानं १७८२ मध्ये हे नाव दिलं. इंग्रजीनं पुढे ‘कपॅसिटर’ धरला. आपले मिस्त्री मात्र जुन्यालाच धरून. पंखा रेंगाळला, की ‘कंडेन्सर गेला भाऊ!’ हे निदान बहुतेकदा बरोबरच असतं. साधारण अडीच मायक्रोफॅरडचा तो डबा मोटारीच्या एका वेटोळ्यातला प्रवाह दुसऱ्याच्या पुढे काढतो, त्या फरकानं पंखा फिरू लागतो. कंडेन्सरसाठी पाठ्यपुस्तकातला ‘धारित्र’ हा ‘खनित्रा’च्या वळणाचा, खरं तर देखणा शब्द. पण परतवाड्यात मागून बघा!