माणशी साठ रुपये : आदिवासी गावांतला कचरा आणि सरकारी पैसा

आज १९९३ या सालापासून सुरुवात करू. त्या वर्षी पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांसारखी माणसं तिच्यामागे होती. कचरावेचक बाईचं म्हणणं साधं होतं : आम्ही करतो ते काम आहे, भीक नव्हे. पुढे महापालिकेने त्यांची ओळखपत्रं मान्य केली आणि २००८मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार केला. घरोघरचं शुल्क आणि भंगाराची विक्री यांतून त्यांची कमाई होऊ लागली.

साधारण त्याच सुमाराला, सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून, राज्याने योजना-खर्चातला आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणातला वाटा आदिवासी विकास विभागाकडे वेगळा द्यायला सुरुवात केली. पुण्यातल्या कचरावेचक बाईचं काम आणि राज्याचा आदिवासी निधी, या दोन गोष्टींची गाठ कुठे पडते, हा आजचा प्रश्न.

आपल्याच जिल्ह्यात बघा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर यांच्या वाड्या आहेत. पूर्वी तिथल्या घरातलं जवळजवळ सगळं शेणखताच्या उकिरड्यात जिरायचं. मग वेफर्सची, शाम्पूची, गुटख्याची पाकिटं आली. ती कुजत नाहीत आणि भंगारवालाही घेत नाही. उरतो एकच उपाय, जाळणं.

सरकारने काही केलं नाही, असं मात्र नाही. २०००च्या सुमारास संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. त्यात आधी गावाने राबायचं आणि मग बक्षीस मिळवायचं. २०१४मध्ये स्वच्छ भारत आलं आणि २०२०मध्ये त्याचा ग्रामीण दुसरा टप्पा. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये ठरले. चारशे वस्तीचं गाव असेल तर झाले २४ हजार! लहान गावांसाठी सांडपाणी धरून किमान एक लाखाची सोय केली, हे बरं झालं. प्लास्टिकसाठी तालुक्याला एक केंद्र, १६ लाखांपर्यंत.

आता आम्हाला खटकतं ते सांगतो. हा पैसा मुख्यतः खड्डे, शेड, गाडी यांसाठी आहे. रोज वर्गीकरण करणाऱ्या हातांची मजुरी त्यात बसत नाही. ती ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून किंवा स्वतःच्या वसुलीतून काढायची. शिवाय हिशोब डोक्यांचा आहे, अंतराचा नाही. विखुरलेल्या पाच वाड्यांतून हलकं प्लास्टिक गोळा करून तालुक्याला नेलं, तर डिझेलचा खर्चच त्याच्या किमतीहून जास्त होतो.

इथे पेसा कायदा उपयोगी पडतो. कायदा १९९६चा, राज्याचे नियम २०१४चे. २०१५पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याचा एक मान्य विषय आहे. वाटप तोही लोकसंख्येनेच होतो. पण खर्च कशावर करायचा, हे ग्रामसभा ठरवते. महिन्याच्या फेरीचं भाडं, वेचणाऱ्या बाईचा मोबदला, याची मागणी तिथे मांडता येते.

पुण्यातल्या बायकांनी आधी स्वतःला मोजायला लावलं, मग पैसा आला. गावात हे क्रम उलटे झालेत. शेड आधी आली, माणूस अजून यायचा आहे. तो आणायचा ठराव ग्रामसभेतच होऊ शकतो.