पाहुण्यासाठी घातलेला उतार

गावात मंत्री येणार म्हटलं की रातोरात खड्डे बुजतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तसंच काहीसं जानेवारी २००१ मध्ये दिल्लीत घडलं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आले होते. आजाराने त्यांचं जवळजवळ सगळं शरीर लुळं पडलेलं, ते कायम व्हीलचेअरवर. त्यांना दिल्लीतल्या जुन्या वास्तू बघायच्या होत्या आणि तिथे तर जिकडेतिकडे पायऱ्या! मग जंतरमंतर, कुतुबमिनार अशा ठिकाणी घाईघाईने तात्पुरते लाकडी उतार घातले गेले.

हे घडावं म्हणून धडपडले जावेद आबिदी. तेही व्हीलचेअर वापरत. डिसेंबर १९९५ मध्ये अपंगांनी दिल्लीत निदर्शनं केली, त्यात ते पुढे होते. त्याच महिन्यात संसदेने अपंगांसाठी कायदा मंजूर केला. सार्वजनिक इमारतींना रॅम्प हवा, हे त्यात होतं; पण सरकारच्या ऐपतीप्रमाणे, असंही होतं. आता ऐपत म्हटली की काम मागे पडणारच. पाच वर्षांनी हॉकिंग आले, तेव्हा कुठे फळ्या निघाल्या. म्हणजे फळ्या होत्याच की!

२०१६ मध्ये नवा कायदा आला. दिव्यांगांनाही इतरांसारखं सांस्कृतिक जीवन हवं, हे त्यात वेगळं कलम घालून सांगितलंय. आमच्या मते त्याहून कामाची गोष्ट दुसरी आहे. इमारतीच्या नकाशातच सोय नसेल, तर बांधायला परवानगी द्यायची नाही. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सोयींचे नियम नुसत्या सूचना म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारक करा.

नकाशावर एवढा भर का, ते उताराच्या हिशोबात कळतं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. समाजमंदिराचं जोतं तीन फूट असेल, तर छत्तीस फूट उतार, शिवाय मधे थांबायला सपाट जागा. भिंती उभ्या राहिल्यावर ही जागा आणायची कुठून? आमच्या भागातल्या एका सभागृहाला मागाहून रॅम्प जोडला. इतका उभा, की त्यावर आता पोरं घसरगुंडी खेळतात. भजनाला, हळदीकुंकवाला, बचतगटाच्या बैठकीला येणारी कुबडीवाली बाई खाली ओट्यावरच बसते. तिची सही घ्यायला वही खाली येते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, तेव्हा पैशाचं कारण लगेच मान्य करू नका. नव्या सभागृहाचा विषय ग्रामसभेत निघाला, की आधी जोत्याची उंची विचारा आणि तिला बाराने गुणा. दाराचंही विचारून घ्या, व्हीलचेअरला साधारण तीन फूट रुंदी लागते.